खडी केंद्र म्हणून लिहिलेली बाग

अण्णा,

तुमची बाग अस्तित्वात नाही. हे मी म्हणत नाही, नगरपालिका म्हणते, लेखी म्हणते, खाली गोल शिक्का मारून म्हणते. गेल्या आठवड्यात माझ्या अर्जाला उत्तर आलं, "सदर जागेवर उद्यान असल्याची नोंद आढळून येत नाही." हे उत्तर ज्यानं टाइप केलं तो कारकून ज्या खिडकीशी बसतो, त्या खिडकीतून तुमचा वड दिसतो. मी तसाच कागद हातात घेऊन त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मग ते समोर काय आहे?" त्यानं मानही वळवली नाही. "झाडं हायेत मॅडम." मी म्हटलं, "झाडं आहेत, बाक आहेत, झोके आहेत, फाटक आहे. याला तुमच्याकडं काय म्हणतात?" तो म्हणाला, "रेकॉर्डला खडी केंद्र म्हणतेत." मी विचारलं, तिथं खडी कुठं दिसते तुम्हाला? तर म्हणे, "ते मला न्हाय माहीत. मला हितं येऊन दोनच वर्षं झाली." शेजारच्या टेबलावरची बाई खाली मान घालून हसली. मला कुणी हसलं की माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी दोघांनाही जे सुनावायचं ते सुनावलं आणि घरी आले. पण घरी येऊन पाणी प्यायले, खुर्चीत टेकले, तेव्हा राग त्या पोरसवदा कारकुनाचा राहिलाच नव्हता. तो तुमच्यावर आला होता. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं.

तिथं आता दुकानं बांधायची आहेत. दोन मजली, पार्किंगसकट. हरकत घ्यायला सोमवारपर्यंत मुदत आहे आणि हरकतीचा छापील नमुना आहे. सगळे रकाने मी पहिल्याच दिवशी भरले. एकच उरला होता, सातवा. "यापूर्वी नोंद दुरुस्तीसाठी अर्ज केला होता काय? नसल्यास कारण." त्या रकान्यासमोर मी चार दिवस बसले. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं, वर्षातून दोनदा मुलांकडून अर्ज लिहून घेतले, रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, वाचनालयाच्या पुस्तकाचा अर्ज. कुठं पत्ता, कुठं विषय, कुठं सही. आणि माझ्याच बापाच्या बागेसाठी कधी अर्ज झाला नाही त्याचं कारण मला दोन इंचांच्या रकान्यात लिहिता येत नव्हतं.

पालिकेच्या आवारात विभागांचा फलक आहे. तुम्ही असताना नव्हता. शेवटून दुसरं नाव "उद्यान व क्रीडा विभाग", आणि त्याच्यापुढं खडूनं "पद रिक्त". खडू अधूनमधून कुणीतरी गिरवतं वाटतं, कारण तुम्ही निवृत्त झाल्यापासून ते पद रिक्तच आहे. हा विभाग सुरू कसा झाला हे आता गावात कुणाला माहीत नाही, म्हणून निदान इथं लिहून ठेवते. तो बागेसाठी सुरू झालाच नव्हता. गावात मोठे पाहुणे आले होते, आणि गावात फूल नव्हतं. हार सोलापुराहून एसटीनं मागवले, वैशाखातल्या उन्हात बसच्या टपावरून ते आले तेव्हा त्यांची भाजी झाली होती. अध्यक्षांनी तसल्याच हाराला पुढं करून फोटो काढला आणि पुढच्या बैठकीत ठराव केला की पालिकेनं एक माळी ठेवावा. तुम्ही तेव्हा सोलापुरात सिस्टरांच्या शाळेत बागकाम करत होता. मदरनी चिठ्ठी दिली आणि तुम्ही गावी परत आलात. मला मात्र तिथंच ठेवलंत, वसतिगृहात, सहा वर्षांची. "हितं शिकशील तर टेबलापल्याड बसशील," म्हणालात. मी टेबलापल्याड बसले, अण्णा. आता टेबलाअलीकडं उभी राहते.

तर विभाग म्हणजे तुम्ही. एक सायकल, दोन झाऱ्या, एक कात्री, आणि कार्यालय म्हणजे विहिरीवरची पत्र्याची खोली. सकाळी तहसीलीपुढच्या वाफ्याला पाणी, मग शाळेच्या मैदानावर फक्की मारायची, व्हॉलीबॉलची जाळी बांधायची, संध्याकाळी चौकातल्या खांबावरचा रेडिओ लावायचा आणि बातम्या संपल्या की बंद करायचा. मी सुट्टीत यायचे तेव्हा तुमच्यामागं फिरायचे. फ्रॉक, पांढरे मोजे, आणि मराठी बोलताना मध्येच इंग्रजी. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, "आली बघ मडम." तुम्हाला ते आवडायचं. मला पेन देऊन पाटावर बसवायचात आणि सांगायचात, मी लिहायचे. तुम्ही शिकलात निजामाच्या काळात, उर्दूतून, चौथीपर्यंत. उर्दू अक्षर तुमचं सुंदर होतं म्हणतात, पण देवनागरी लिहायला घेतली की प्रत्येक अक्षर दगडातून काढल्यासारखं. म्हणून पालिकेत तुमच्याकडून जो कागद गेला तो माझ्या अक्षरात गेला. झारी हवी, नळीला भोक पडलंय, झोक्याची साखळी तुटली. साहेब म्हणायचे, उद्यान विभागाचे अर्ज कलेक्टर कचेरीपेक्षा देखणे असतात.

मग बहात्तर आलं. त्या उन्हाळ्यात मी आले तेव्हा नववी संपली होती. बस माकणीवरून येताना दोन्ही बाजूंना माणसंच माणसं दगडांवर बसलेली दिसत होती, सगळ्यांची डोकी फडक्यांनी बांधलेली. गावात टँकर यायचा. तहसीलीपुढचा वाफा तुम्ही स्वतःच्या हातानं उपटून टाकला होता, "माणसाला प्यायला न्हाय तिथं गुलाबाला कसं घालू" म्हणून. उद्यान विभागात उद्यान उरलं नव्हतं. आणि नेमकं त्याच वेळी तुमच्या डोक्यात चार एकर बाग आली. विहिरीपलीकडचा तो खडक, जिथं कुसळसुद्धा उगवत नव्हतं, तिथं. दुष्काळी काम गावात आलं तर बायकांना रोज सहा मैल चालावं लागणार नाही आणि काम संपल्यावर मागं काहीतरी उरेल, एवढंच तुमचं म्हणणं. तुम्ही मला घेऊन पालिकेच्या ओव्हरसियर साहेबांकडं गेलात, मी दारात उभी. साहेब चांगला माणूस होता, घामानं निथळत बसला होता. ऐकून हसला. "बाग? या सालात? अहो, वर पाठवलं तर मला येड्याच्या इस्पितळात टाकतील. रस्ता म्हणा, तलाव म्हणा, खडी म्हणा, बाग म्हणू नका." तुम्ही म्हणालात, "खडी म्हणा की मग साहेब. दगूड तर फोडायचाच हाय." त्यानं तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "पोरीचं अक्षर चांगलं आहे ना? तिच्याकडून लिहून आणा." आणि मी लिहिलं. विषय, खडी केंद्र सुरू करणेबाबत. ते "खडी केंद्र" माझ्या हातचं आहे. हरकतीचा नमुना आणायला गेले तेव्हा त्या कारकुनानं मला त्या कागदाची झेरॉक्स दाखवली. माझा तो शाळेत शिकवलेला तिरका "क".

काम कसं चालायचं ते आठवलं की मला अजून तुमचं कौतुक वाटतं, आणि कौतुक वाटलं की पुन्हा राग येतो. दगड कुठून काढायचा ते तुम्ही चुन्यानं आखून द्यायचात. साहेबाला वाटायचं खडीसाठी खूण आहे. ती झाडांच्या आळ्यांची रांग असायची. पहारीनं दगड निघाला, खडी होऊन रस्त्याला गेली, मागं कमरेएवढा खड्डा उरला, की आटलेल्या तळ्यातला गाळ पाट्यांनी आणून त्यात भरायचा आणि पावसाच्या आधी रोप लावायचं. पण पाऊस कुठं होता? तेव्हा तुम्ही तो नियम केला. दुपारी सगळ्या बायका कामावर मिळणारी सुकडी नाहीतर भाकरी खायला बसायच्या, प्रत्येकीकडं घरून आणलेलं तांब्याभर पाणी. तुम्ही म्हणालात, "प्यायचं ते प्या. पर हात धुवायचे ते आपापल्या झाडावर." एकेकीला एकेक झाड वाटून दिलंत. जेवल्यावर ओळीनं दीडशे बायका आपापल्या खड्ड्याशी वाकलेल्या, खरकटा हात धुतायत, चूळ टाकतायत, आणि शेवटचं ओंजळभर पाणी पोराच्या डोक्यावर ओतावं तसं रोपाच्या बुडाशी. त्यात मराठ्याच्या बायका होत्या, मुसलमानाच्या होत्या, आपल्या वस्तीतल्या होत्या. झाडं वाटताना तुम्ही कुणाला पुढं, कुणाला मागं केलं नाहीत. फाटकाशेजारचा लिंब एका माकणीच्या बाईचा होता. उंच, आडव्या हाडाची, आणि तोंडानं माझ्याइतकीच तिखट. मला विचारायची, "काय गं मडम, तुमच्या सोलापुरात झाडं हात धुतलेलं पाणी पितेत का इंग्लिश पाणी पितेत?"

दीडशेतली साठएक झाडं जगली. काम बंद झालं, बायका आपापल्या गावी गेल्या, आणि चार वर्षांत तिथं सावली झाली. सिमेंटचे बाक आले, झोके आले, व्हॉलीबॉलची जाळी शाळेतून तिथं हलली, रेडिओसुद्धा. लोक बाग म्हणायला लागले. कागदावर काय आहे हे कुणी विचारलं नाही. आपल्या वस्तीतली माणसं पहिल्यांदा आली तेव्हा बाकाशेजारी खाली मातीत बसली. छप्पन साली धर्म बदलून वीस वर्षं झाली होती, विहार बांधून झाला होता, तरी बाक दिसला की गुडघे आपोआप खाली जायचे. तुम्ही काही भाषण दिलं नाहीत. झारी खाली ठेवलीत आणि एका म्हाताऱ्याला खांद्याला धरून उठवून बाकावर बसवलंत. "टेका. पाठ टेकून बसा. पालिकेचा हाय, मोडत न्हाय." मी हे लांबून पाहिलं आणि मला लाज वाटली. तुमची नव्हे. का वाटली ते तेव्हा कळलं नाही.

आता माझ्या तक्रारीकडं येते. तुम्ही निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी उत्तरेकडचा अर्धा भाग गेला. जिल्ह्यात तेव्हा सहकाराची हवा होती, कारखाना झाला, सोसायट्या झाल्या, ज्याला त्याला गोदाम हवं होतं. एका संस्थेनं जागा मागितली आणि पालिकेनं दिली, कारण रजिस्टरला ते खडी केंद्र होतं आणि खडी तर केव्हाच संपली होती. मी लातुरात नोकरीला होते. आईचं पत्र आलं म्हणून आले. तुम्ही फाटकाशी उभे होता आणि आत करवत चालली होती. मी सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडले. "वीस वर्षं पालिकेत काढलीत, एक कागद नाही करून ठेवता आला? एक नोंद?" तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "राहिलं, माय." एवढंच. मला वाटलं, काय माणूस आहे हा. झाडावर जीव टाकतो आणि कागदावर आळस करतो. ते "राहिलं" मी चाळीस वर्षं तुमच्या नावावर ठेवलं. भावकीत कुणी तुमचं कौतुक केलं की मी म्हणायचे, हो, माणूस सोन्यासारखा, पण कागदाला कच्चा.

सातव्या रकान्यात तेच लिहायचं ठरवलं होतं. "तत्कालीन कर्मचारी अल्पशिक्षित असल्याने अर्ज करणे राहून गेले." वाक्य तयार होतं. पण पुरावा म्हणून काही जोडावं, म्हणून परवा तुमची ट्रंक काढली. त्यात तुमच्या झाडांच्या वह्या आहेत, लाल कापडात बांधलेल्या, सगळ्या उर्दूत. मी त्या कधी वाचल्या नाहीत, मला वाचताच येत नाहीत. वेशीपलीकडं उर्दू शाळेचे एक निवृत्त मास्तर राहतात, माझ्याहूनही म्हातारे. त्यांच्याकडं घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान उघडलं आणि म्हणाले, "वा! बाई, ह्यो हात लई देखणा हाय. कुणाचा?" मी म्हटलं, आमच्या वडलांचा. माळी होते. मास्तर म्हणाले, "अशा हातानं माळ्याचंच काम करावं."

मग ते वाचायला लागले आणि मी लिहून घ्यायला लागले. नीम, फाटक, माकणीवाली. करंज, विहीर, मुरूम गावची. कुणाचं झाड वाळलं, कुणाचं शेळीनं खाल्लं, कुठलं दुसऱ्यांदा लावलं. माझ्या हरकतीला याहून चांगला पुरावा मिळाला नसता, मी खुशीत होते. मास्तर पानं उलटत उलटत थबकले. "हितं झाड न्हाय, बाई. हितं लिवलंय, दरख़्वास्त, बेटी से." मी विचारलं, म्हणजे? "अर्ज. मुलीकडून लिहून घ्यायचा. ओव्हरसियर साहब शनिवारी जानेवाले हैं, असं लिवलंय." दोन ओळी सोडून पुढं होतं, "बेटी नाराज़ है. इम्तिहान के बाद." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, चांगला माणूस. त्यांनी आपलं वाचायचं काम सुरू ठेवलं. पुन्हा झाडं आली, पाणी आलं. मी लिहायची थांबले होते.

तो दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही. पण सांगते, कारण माझ्या तोंडून तुम्ही तो कधी ऐकला नाहीत. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत आले होते. बाग पाहिली, खूश झाले आणि मला वाटलं हिला आता शिस्त हवी. शाळेत सिस्टरांच्या बागेत कसे फलक असायचे, तसा. मी सुताराकडून फळी आणली, पांढरा रंग दिला, आणि काळ्या अक्षरात लिहिलं. फुले तोडू नका. गवतावर बसू नका. बाकावर पाय ठेवू नका. झाडाखाली हात धुवू नका. फाटकाशेजारच्या लिंबाला मी तो ठोकला आणि दोन पावलं मागं जाऊन पाहिला, मला फार सुरेख वाटला. बाजारचा दिवस होता. बाजाराला आलेल्या बायका अजूनही यायच्या, दगड फोडायला असायच्या त्या. झाडाखाली भाकरी सोडायच्या, आणि जेवल्यावर आपापल्या झाडाशी हात धुवायच्या. सवय म्हणा, माया म्हणा. ती माकणीवाली आली, तिच्या लिंबाशी वाकली, तांब्या तिरका केला आणि मला म्हणाली, "काय लिवलंय गं मडम, वाच की." मी वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट उच्चारांत, चारी ओळी. ती ओल्या हातानं तशीच उभी राहिली. एरवी दहा बोलली असती. पदराला हात पुसत एवढंच म्हणाली, "व्हय का. मग कुठं धुवू?"

तुम्ही विहिरीवरून आलात. पहार लावून फलक उचकटलात, खिळ्यांसकट. सगळ्या बायकांसमोर मला म्हणालात, "लिवायला शिकलीस, वाचायला शिकलीच न्हाईस." त्या बायांमध्ये कुणीतरी हसलं. मी घरी निघून आले. संध्याकाळी आई भाकऱ्या करत होती, तुम्ही हातपाय धुऊन चुलीशी पाटावर बसलात, फलकाबद्दल अक्षर काढलं नाहीत. सहज आवाजात म्हणालात, "साहेबाची बदली झाली. शनिवारी जातेत. जायच्या आधी बाग म्हणून नोंद लावून देतो म्हणाले. चार ओळींचा अर्ज लिवून दे, माय." आणि मी म्हणाले, "तुमच्या त्या बायकांकडून लिहून घ्या."

आईची भाकरी तव्यावर करपली. ती म्हणाली, "जीभ हाय का पहार, गं?" तुम्ही म्हणालात, "असू दे. परीक्षा झाल्यावर लिवंल." सकाळच्या पहिल्या बसनं मी निघून गेले. जाताना बागेवरून गेले तर माझा फलक झोक्याला लावलेला होता, पाट म्हणून, अक्षरं खालच्या बाजूला. मला तो माझा अपमान वाटला. आता वाटतं तुम्हाला फक्त चांगली फळी वाया घालवायची नव्हती. शनिवारी साहेब गेले. पुढचा साहेब दुसऱ्याच तऱ्हेचा होता. परीक्षा झाली, मी नोकरीला लागले, तुम्ही पुन्हा कधी अर्ज लिहून दे म्हणाला नाहीत. झारीच्या भोकासाठीसुद्धा नाही. माझ्या लक्षात आलं होतं का ते? आलं होतं. मी विचारलं नाही.

मास्तरांनी शेवटच्या वहीतलं शेवटचं पान वाचलं. गोदामाच्या दिवसाचं आहे. सत्तावीस झाडं गेली, असं लिहून त्याखाली नावं, बायकांच्या गावांची. आणि अगदी खाली, "बेटी को याद न दिलाना." मास्तर हळूच म्हणाले, "मुलीला आठवण करून द्यायची न्हाय." मी म्हटलं, कळलं मला. त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला होता, त्यावर साय धरली. मास्तर वही मिटत म्हणाले, "हे पान जोडू नका बाई. अर्ज घरच्यांनीच केला न्हाय म्हणतील. तुमचीच बाजू पडते."

मी चिडलेलीच आहे, अण्णा. पालिकेवर आहे, त्या गोदामवाल्यांवर आहे, आणि तुमच्यावरही आहे. असं कुणी करतं का? फाटकाशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला नाही नाही ते बोलत असताना एकदा तरी म्हणायचं होतं, मागितला होता, तूच दिला नाहीस. भांडायचं होतं. तुम्ही "राहिलं" म्हणून मोकळे झालात आणि मला आयुष्यभर शहाणी राहू दिलंत. कुणी सांगितलं होतं एवढं चांगलं वागायला? माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांना मी अर्ज चुकला म्हणून बाकावर उभं केलं आहे.

आज दुपारी सातवा रकाना भरला. लिहिलं, "अर्ज केला नाही. संबंधित कर्मचाऱ्याने वेळेत अर्ज लिहून मागितला होता. तो लिहिण्याचे काम माझे होते व मी रागाच्या भरात लिहून दिला नाही. सोबत वहीतील नोंदी व भाषांतर." त्या शेवटच्या पानाची झेरॉक्सही जोडली. बाजू पडायची तर पडू दे, साठातली जेवढी उभी आहेत ती झाडं गाव बघतंय. नंतर बागेत जाऊन आले. जुन्या झोक्याचा पाट अजून तोच आहे, कुणीतरी वरून निळा रंग दिला आहे. खाली वाकून बघितलं, गुडघे कुरकुरले, पण "हात धुवू" एवढं अजून वाचता येतं. पुढचं झिजलं आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं? हरकतीच्या तीन प्रती लागतात, त्या काढून झाल्या. याची एकच आहे, ती तुमच्या शेवटच्या वहीत ठेवते, त्या पानाशी. एक गोष्ट हरकतीत लिहिली नाही, कारण तिला रकाना नव्हता. त्या दिवशी फाटकाशी, करवत चालू असताना, एक कागद नाही करता आला का म्हणून मी तुमच्यावर ओरडले, तेव्हा मी विसरले नव्हते. मला सगळं आठवत होतं. म्हणूनच इतक्या मोठ्यानं ओरडले.